आत्याला एकच भाषा येते

माझ्या आत्याला एकच भाषा येते, ती म्हणजे आपली. तीही ती जरा मोठ्यानेच बोलते, कारण जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेला. ज्या शहरात ती एकतीस वर्षं राहिली, तिथे कचेऱ्यांतून, बँकांतून, दवाखान्यांतून दुसरीच भाषा चालते. मी तिला ऑफिसची भाषा म्हणते, कारण मला ती ऑफिसातच लागते. आत्याने त्या भाषेला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "तुम्हाला येत नाही का?" असं कोणी विचारलं की बाकीचे लोक खाली बघतात, "थोडी थोडी येते" असं पुटपुटतात. आत्या सरळ "नाही येत" म्हणते आणि समोरच्याकडे असं बघते की चूक त्याचीच असावी.

मला याची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी फार चांगली समजायला नको. बसमध्ये ती कंडक्टरशी भांडायला लागली की मी खिडकीबाहेर बघत बसायची. तो त्याच्या भाषेत, ही हिच्या भाषेत, दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नसायचं, आणि तरी दोन स्टॉप जाईपर्यंत भांडण मिटलेलं असायचं आणि हिला बसायला जागाही मिळालेली असायची. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तिने दहा वर्षांत आपले बारा-पंधरा शब्द शिकवले. "जेवणानंतर", "उपाशीपोटी", "पुरे". डॉक्टरांकडे मात्र मला सोबत न्यावं लागे. ती पाठदुखीचं पाच मिनिटं वर्णन करायची, कुठून निघते, कुठे जाते, कशाने थांबते, आणि मी डॉक्टरांना "पाठ दुखते" एवढंच सांगून मोकळी व्हायची. तिला लगेच संशय यायचा.

"मी एवढं बोलले, तू एवढंसंच सांगितलंस. बाकीचं कुठे गेलं?"

"त्यात सगळं आलं, आत्या."

"कसं येईल?" ती म्हणायची. डॉक्टर घड्याळाकडे बघायचे आणि मी तिला दंडाला धरून बाहेर आणायची.

आतोबांना, म्हणजे तिच्या यजमानांना, चार भाषा येत होत्या आणि चारही भाषांत ते थापा मारायचे. शेवटची थाप, "महिन्याभरात परत येतो", त्यांनी आपल्याच भाषेत मारली आणि गेले ते गेलेच. मूलबाळ नव्हतं. आत्या चार दिवस रडली, पाचव्या दिवशी धुलाईखान्यात कामाला लागली. पुढे माझी आई गेली तेव्हा तिने मला आपल्याकडे आणलं आणि ऑफिसच्या भाषेच्या शाळेत घातलं. हो, तिनेच घातलं. तिच्या हेकटपणाबद्दल बोलणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. शाळेच्या फाटकाशी तिने मला सांगितलं होतं, "शिकायची तर पुरती शीक. अर्धवट नको." 

धुलाईखाना म्हणजे भलीमोठी शेड होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गाठोड्यांनी यायच्या, एका टोकाला त्यांची निवड व्हायची, मग धुण्याचे ड्रम, मग पिळणी, आणि शेवटी रोलर. रोलर म्हणजे माणसाच्या उंचीचा, वाफेवर तापलेला लोखंडी रूळ. दोघी जणी ओली चादर दोन कोपऱ्यांना धरून आत सोडतात, पलीकडच्या दोघी ती इस्त्री होऊन बाहेर आलेली चादर धरून घडी घालतात. आत्या अलीकडच्या बाजूला होती. वीस चादरींचं एक बंडल, आणि ते मोजायचं तिला वेगळं काम नव्हतं. गप्पा मारता मारता ती एकदम "वीस" म्हणायची आणि ते वीसच असायचे. एकतीस वर्षांत तिची मोजणी चुकलेली कोणी पाहिली नाही. तरी रोलरची प्रमुख म्हणून तिला दोनदा डावलण्यात आलं. प्रमुखाला रोजचा तक्ता ऑफिसच्या भाषेत भरावा लागतो, असं कारण दिलं. तक्त्यात आकडेच असतात, हे मी नंतर ऑफिसात लागल्यावर पाहिलं.

एकदा कंपनीने कामगार बायकांसाठी ऑफिसच्या भाषेचा वर्ग काढला. पाळी संपल्यावर, जेवणाच्या खोलीत, आठवड्यातून तीनदा. मी फार मागे लागले म्हणून आत्या पहिल्या दिवशी गेली. मास्तरांनी "होय साहेब", "माफ करा", "लगेच करते" असं शिकवलं. आत्याने हात वर केला आणि "का, असं विचारायचं असेल तर काय म्हणायचं?" असं विचारलं. मास्तरांनी पुस्तक उलटंपालटं करून सांगितलं की ते दुसऱ्या भागात आहे.

"मग दुसरा भाग सुरू झाला की मला बोलवा," म्हणाली आणि उठून घरी आली. दुसरा भाग कधी सुरू झालाच नाही. पण बाकीच्या बायका तीन महिने बसल्या आणि त्यांना प्रमाणपत्रं मिळाली. पलीकडच्या बाजूला घडी घालणारी थोरली तर तेव्हापासून जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीवरच्या मालिका सगळ्यांना समजावून सांगायला लागली. ती सांगे ती गोष्ट आणि पडद्यावर घडे ती गोष्ट यांचा फारसा संबंध नसे. पण तिचा तोरा असा होता की कोणाची विचारायची छाती नव्हती.

त्याच सुमारास मला धुलाईखान्याच्या ऑफिसात जागा मिळाली. आवक-जावकची खिडकी, एक टेबल, पंखा आणि वर्षभराची उमेदवारी. वर्ष नीट गेलं तर कायम करणार होते. आत्या मला "मड्डम" म्हणायला लागली. ते कौतुक होतं की टोमणा, हे तिच्या तोंडावरून कधी कळायचं नाही.

आत्याची रोलरवरची जोडीदारीण लवंगी. अंगाने एवढीशी, तोंडाने तिखट, म्हणून लवंगी. घरी म्हातारी आई आणि ही, कमावणारी ही एकटी. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. तिला हात लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. त्या दिवसांत पिळणी बिघडली होती, चादरी पाणी गळत यायच्या, जड चादर पट्टीला घासायची आणि यंत्र दर दहा मिनिटांनी थांबायचं. मुकादमाने एक दिवस फाटक्या चादरीची चिंधी काढली आणि पट्टी वर खेचून खांबाला करकचून बांधून टाकली. आत्याने त्याला दोनदा सांगितलं, "ती सोड." तो ऐकू न आल्यासारखं करून निघून गेला. तीन आठवडे पट्टी तशीच बांधलेली होती. मग एका सकाळी चादरीचा कोपरा लवंगीच्या मनगटाभोवती गुंडाळला गेला आणि हात चादरीबरोबर आत ओढला गेला. आत्याने एका उडीत भिंतीवरचं लाल बटण दाबलं. हात वाचला, दोन बोटं गेली.

चौकशीचे कागद दोन दिवसांत तयार झाले. रोलरवर त्या वेळी चौघी होत्या. आत्या, लवंगी, आणि पलीकडे थोरली आणि उंचाडी. चौघींच्या नावाने चार कागद, ऑफिसच्या भाषेत टाइप केलेले, मजकूर एकच. थोरलीला आणि उंचाडीला मॅनेजरसाहेबांनी आपल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, कागद समोर ठेवला आणि "समजतंय ना?" असं ऑफिसच्या भाषेत विचारलं. दोघींनी माना डोलावल्या. प्रमाणपत्रवाल्या ना! सह्या झाल्या. लवंगीचा कागद इस्पितळात गेला. तिलाही तसंच विचारलं, तिनेही मान डोलावली आणि डाव्या हाताने कशीबशी सही केली.

चौथा कागद साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्या आत्याबाईंना तुम्हीच समजावून सांगा. सोमवारी सही करून आणा." आणि जाता जाता, "तुमचंही वर्ष संपत आलं, नाही का?"

कागद मी वाचला होता. मीच टाइप केला होता, आता लपवून काय करू? त्यात बाराव्या ओळीत लिहिलं होतं, की सुरक्षेची पट्टी जखमी कामगाराने स्वतःच्या सोयीसाठी स्वतः बांधून ठेवली होती. ती ओळ राहिली की दोष लवंगीचा. दोष तिचा ठरला की नोकरी गेली, आणि दोन बोटं नसलेल्या बाईला दुसरी नोकरी देतंय कोण? हे सगळं मला टाइप करतानाच कळत होतं. मी मूग गिळून टाइप केलं.

रविवारी सकाळी मी कागद घेऊन आत्यासमोर बसले. ती ओट्याशी पाट घेऊन भाजी निवडत होती. हात पुसून, चष्मा लावून शेजारी आली. मी ओळीखाली बोट धरून एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेले. तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, चादर ओली होती, हात आत गेला, लाल बटण कोणी दाबलं. शेवटी म्हटलं, "झालं. इथे सही कर."

आत्याने पेन घेतलं नाही.

"ओळी किती आहेत?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"सतरा आहेत. तू सोळाच वाचल्यास. तुझं बोट अकराव्या ओळीवरून एकदम तेरावीवर गेलं."

"अगं, त्या ओळीत काही विशेष नाही."

"विशेष नाही तर वाच की."

मी वाचली. इतक्या हळू आवाजात, की तिने परत वाचायला लावली.

"लवंगीने सही केली?"

"केली. सगळ्यांनी केली, आत्या. तू एकटीने नाही केलीस तर काय फरक पडणार आहे? उलट तुझ्यावर डूख धरतील. आणि माझं वर्ष संपायला दीड महिना राहिलाय." हे म्हणताना मी रडत होते, आणि रडणं खोटं नव्हतं.

"का केली गं त्यांनी सही?"

"त्यांना वाटलं, आपल्याला समजलं."

"वाटलं नाही. समजलं नाही असं म्हणायची लाज वाटली." आत्याने चष्मा काढला. "मला ती लाज नाही, कारण मला मुळातच येत नाही. तुझं वेगळं आहे. तुला पुरती येते. तुला त्या शाळेत मी घातलं ते मला जे कळत नाही ते तू मला सांगावंस म्हणून. मला कळू नये म्हणून नाही."

एवढंच बोलून ती परत भाजीकडे वळली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी जेवले नाही आणि तिने जेव म्हटलं नाही.

सोमवारी ती पाळी सुरू होण्याआधी माझ्या खिडकीशी आली. रांगेत उभी राहून आली, तिचा नंबर लागला तेव्हा तिने तीन कागद आत सरकवले. दोन्ही बाजूंनी भरलेले, तिच्या मोठ्या, गोल अक्षरात, आपल्या भाषेत. "आवकचा शिक्का मार."

मी मागे साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ऑफिसच्या भाषेत नसलेला कागद घेता येणार नाही, असं म्हणाले. मी ते आत्याला सांगितलं. माझ्याकडे न बघता ती साहेबांकडे बघून बोलली, आणि तिचा तो रोलरवरचा आवाज सगळ्या ऑफिसात गेला.

"मी जे पाहिलं ते याच भाषेत पाहिलं. दुसऱ्या भाषेत मला काही दिसत नाही."

साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतात त्या? मी म्हटलं, "काही नाही, रागावल्या आहेत." पाहा, तेव्हाही!

कागद घेऊन ती गेली. दुपारी मुकादमाने तिला रोलरवरून काढून मळक्या चादरींच्या निवडीवर पाठवलं. हा मुकादम म्हणजे एक नमुना होता. घरी आईशी, बायकोशी आपल्या भाषेत बोलायचा, बाजारात आपल्या भाषेत घासाघीस करायचा, आणि साहेब जवळ आले की ती भाषा जन्मात ऐकली नसल्यासारखा चेहरा करायचा. निवडीवर गेल्याचं मी विचारलं तर आत्या म्हणाली, "बरं झालं, तिथे बसून काम आहे." तिथल्या वासाबद्दल काही बोलली नाही.

त्या आठवड्यात ती रोज पाळी संपल्यावर दोन बस बदलून कामगार कचेरीत जात होती, हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी शिपायाने हाकललं. दुसऱ्या दिवशी त्याने बाकावर बसू दिलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच आत जाऊन सांगितलं, की एक बाई आहे, जात नाही. तपासणीसबाईंना आपली भाषा येत नव्हती, पण त्यांनी कागद ठेवून घेतले, त्यांवर शिक्का मारला आणि तारीख दिली. तारखेला चौघींनी आणि कंपनीने हजर राहायचं होतं.

कामगार कचेरीतली ती खोली लांबट होती. एक मोठं टेबल, एका बाजूला साहेब, मुकादम आणि कागद सांभाळायला मी. दुसऱ्या बाजूला आत्या, थोरली, उंचाडी आणि हाताला पांढरं बँडेज बांधलेली लवंगी. टेबलाच्या टोकाला तपासणीसबाई. जबाब कोणत्याही भाषेत देता येतो, पण भाषांतर हवं, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी एका गृहस्थाचं नाव पुढे केलं. मी ते आत्याला सांगितलं. आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही वाचेल."

मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. तपासणीसबाईंनी साहेबांना विचारलं, तुमची हरकत आहे का? साहेब प्रसन्न हसले. "हरकत कसली, ती आमचीच आहे."

ते मला आत्याला सांगावं लागलं. "बघू," एवढंच ती म्हणाली.

मी तिचे तिन्ही कागद वाचले. आधी आपल्या भाषेत, मग त्यांच्या. त्यात लिहिलं होतं की पट्टी मुकादमाने बांधली, चौघींच्या देखत बांधली, कशाने बांधली, कोणत्या खांबाला बांधली, आणि आत्याने त्याला दोनदा सोडायला सांगितलं. मुकादम उठून तपासणीसबाईंना म्हणाला, या बायका काय बोलतात ते मला कळतच नाही, मला त्यांची भाषा येत नाही, मग यांनी मला सांगितलं हे कसं खरं?

मी ते आत्याला सांगितलं. आत्या त्याच्याकडे वळली आणि अगदी मायेने म्हणाली, "येत नाही होय रे? मग मी संध्याकाळी तुझ्या घरी येते. तुझ्या आईलाच विचारते, तू तिच्याशी कोणत्या भाषेत खोटं बोलतोस ते."

"आईला मध्ये आणू नका हं!" मुकादम ओरडला, आपल्या भाषेत, अगदी शुद्ध.

उंचाडी फस्सकन हसली. तपासणीसबाईंना दोघांचाही शब्द कळला नव्हता, पण कोणी काय विचारलं आणि कोणी लगेच उत्तर दिलं, हे बघायला कोणतीही भाषा लागत नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुकादम खाली बसला.

पण साहेबांकडे तीन सह्या होत्या. त्यांनी ते तीन कागद टेबलावर पसरले. तिघी एक सांगतात, एकटी दुसरंच सांगते. आणि त्यातली एक तर स्वतः जखमी झालेली. मग ते आत्याकडे वळून ऑफिसच्या भाषेत म्हणाले, की ज्या बाईने एकतीस वर्षांत इथली साधी भाषा शिकायचे कष्ट घेतले नाहीत, तिच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा?

तपासणीसबाईंनी मला ते सांगायला सांगितलं. मी शब्द न् शब्द सांगितलं. मला वाटलं आत्या भडकेल. ती भडकली नाही.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "एकतीस वर्षांत साहेबांच्या भाषेत मला कोणी काही विचारलंच नाही. हुकूम तेवढे सोडले. हुकूम कळायला भाषा शिकावी लागत नाही, आवाजावरून कळतो. आज या बाईंनी पहिल्यांदा विचारलं. आणि आता मला एक मागायचंय. या तिघींनी सह्या केलेले कागद त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. माझा वाचला तसे. सगळ्या ओळी."

तपासणीसबाईंनी कागद माझ्याकडे सरकवले. मी वाचायला सुरुवात केली. माझंच टायपिंग, मला पाठ होतं. बारावी ओळ आली तेव्हा मी वर पाहिलं. साहेब माझ्याकडे बघत होते. आत्या बघत नव्हती, ती लवंगीकडे बघत होती.

मी वाचलं. पट्टी जखमी कामगाराने स्वतः बांधली.

लवंगी उभी राहिली. "मी बांधली? मी? मला म्हणाले इस्पितळाच्या रजेचा कागद आहे. अगं, माझा हात पोचतो तरी का त्या खांबापर्यंत?" आणि ती त्या बँडेजच्या हाताने आपली उंची दाखवायला लागली.

मग थोरली उठली. जिने आम्हाला वर्षभर टीव्हीवरच्या मालिका समजावल्या, तिने टेबलाचा काठ धरला होता. "मला कळलं नव्हतं," ती म्हणाली. "मला ती भाषा येत नाही. थोडी थोडी पण येत नाही. मी उगाच म्हणत होते." असं म्हणून ती रडायलाच लागली आणि उंचाडीने तिला खाली बसवलं. उंचाडीने स्वतःच्या कागदाकडे बोट करून नुसती मान हलवली, नाही, नाही. या वेळी ती मान समजून हलत होती.

तपासणीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऑफिसात काम करता. हा मजकूर तुम्हाला आधी माहीत होता?"

साहेब खाकरले. मला "नाही" म्हणता आलं असतं. टाइप करणारा माणूस वाचतोच असं थोडंच आहे?

"हो," मी म्हटलं. "मीच टाइप केला. आत्याला वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली. तिने पकडलं म्हणून, नाहीतर चौथी सहीही झाली असती." हे मी ऑफिसच्या भाषेत म्हटलं, आणि मग समोर बसलेल्या चौघींसाठी आपल्या भाषेत परत म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं, कारण लवंगी ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. दोष लवंगीचा नाही, तिची नोकरी कायम, हात बरा झाला की निवडीवर हलकं काम. मुकादमाला रोलरवरून काढलं, साहेबांना लेखी ताकीद मिळाली. आत्याला परत रोलरवर जायला सांगितलं, तर ती म्हणाली, आधी पिळणी दुरुस्त करा, मग येते. आठ दिवस ती जागची हलली नाही. पिळणी दुरुस्त झाली.

माझं पत्र निकालाच्या आधीच आलं होतं. चार ओळींचं, ऑफिसच्या भाषेत. उमेदवारीच्या काळातलं काम समाधानकारक नसल्यामुळे आपली सेवा संपवण्यात येत आहे. मी घरी येऊन ते आत्याला आपल्या भाषेत वाचून दाखवलं, चारही ओळी. ती भांडी विसळत होती. नळ बंद करून तिने ऐकलं.

"काय करणार आता?" तिने विचारलं.

"काय करायचंय? जाऊ दे," मी म्हटलं. "माझंही चुकलंच होतं."

"चुकलं ते वेगळं. खरं बोललीस म्हणून काढलं ते वेगळं. जाऊ दे कशाला?" आत्याने ओले हात पदराला पुसले आणि ते पत्र माझ्या हातातून घेऊन माझ्याच पुढ्यात टेबलावर आपटलं. "भांड. मला एका भाषेत भांडता येतं. तुला दोन येतात."